पुरात बुडालेल्या अ‍ॅम्बेसिडरचं इंजिन घरी खोलायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या गावभागात आजोबांची 1972 ची अ‍ॅम्बेसिडर मार्क टू उभी आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी बोनेटच्या वर गेलं, तेव्हापासून इंजिन जॅम. एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला की हे भंगारात घाला आणि एखादं डिझेल इंजिन बसवून घ्या. नातवाला मात्र हेच इंजिन हवंय, घरच्या पडवीत स्वतःच्या हाताने करायचंय, आणि बोनेट उघडलं की लोकांनी बघत राहिलं पाहिजे.

होईल. मी मिरज-कुपवाडच्या पट्ट्यात चाळीस वर्षं बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगच्या मशीनवर काढली. इंजिन खोलणारे ढिगाने बघितले, मोजणारे फार थोडे. तुम्ही मोजणाऱ्यांत बसणार असाल तर पुढचं वाचा, नाहीतर गॅरेजवाल्याचा सल्ला वाईट नाही.

डिझेलचा विषय आधी संपवतो. इंजिन बदललं की आरसी बुकात नोंद करावी लागते, आणि 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. तुमची गाडी वयाने त्यात बसते. हातातलं 1489 सीसीचं मूळ इंजिन घालवून वर खर्च कशाला करायचा? ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासताना, रंगवताना बुजणार नाही एवढं मात्र पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवा.

आता जॅम सोडवणं. सेल्फ मारू नका, गिअरमध्ये टाकून ढकलू नका. रिंगा गंजून सिलिंडरला धरल्या असतील तर जोर लावल्यावर रिंगा मोडतात, पिस्टनची कड तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो. चारही प्लग काढा. डिझेल आणि पॉवर स्टीअरिंगला वापरतात ते पातळ ऑइल (एटीएफ), अर्धं-अर्धं करून प्रत्येक सिलिंडरमध्ये छोटा कप ओता. आठ-दहा दिवस सोडा, रोज थोडं भर घाला. मग हँडल लावा आणि हलकेच दोन्ही बाजूंना डोलवा. सुताएवढं जरी हललं तरी इंजिन वाचलं असं समजा. बहुतेक वेळा चारातले दोनच सिलिंडर धरलेले असतात, कारण इंजिन बंद पडलं तेव्हा ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा होता त्यात पाणी जास्त शिरतं. ज्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले होते त्याची भिंत पुष्कळदा आरशासारखी निघते. महिनाभराने पण हललं नाही तर हेड काढून वरून बघायचं, पण तिथेही घण नाही. लाकडाचा ठोकळा आणि सबुरी.

हेडच्या बाबतीत एक गोष्ट या इंजिनाची खास आहे. रॉकर शाफ्टचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या दांड्याचे) चार खांब हेडच्याच स्टडवर बसलेत. म्हणजे नुसता रॉकर काढायला गेलात तरी हेडचे नट ढिले होतात. म्हणून रेडिएटरचं आणि ब्लॉकचं पाणी आधी उतरवायचं, आणि मग सगळे नट थोडे-थोडे, फेऱ्या मारत सैल करायचे. एक नट पूर्ण काढून दुसऱ्याकडे गेलात तर हेड पिळवटतं. बसवतानाही तसंच, मधून बाहेर, तीन टप्प्यांत.

पान्यांचं सांगतो. या गाडीचे आटे इंची आहेत. 1/2 इंचाच्या नटाला 13 चा पाना बसतो असं वाटतं, पण नट 12.7 मिलिमीटरचा असतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे तेवढ्या ढिलाईतच गोल होतात. 9/16 ला तर 14 चा जातच नाही आणि 15 चा फिरतो. जुन्या बाजारातून इंची रिंग पाने आणि गोटी सेट घ्या. पुढे कुणी घाईत मेट्रिक बोल्ट ठोकून बसवणार नाही यावरही लक्ष ठेवा. एक आटा गेला की ब्लॉकमध्ये हेलिकॉइल (नवा आटा देणारी तारेची गुंडाळी) बसवत बसावं लागतं.

खोलताना प्रत्येक भागाची जागा जपायची. आठ पुश रॉड पुठ्ठ्यात भोकं पाडून 1 ते 8 नंबराने लावा. आठ टॅपेट अंड्याच्या ट्रेमध्ये, त्याच क्रमाने. प्रत्येक टॅपेट आपापल्या कॅमशी घासून बसलेला असतो, अदलाबदल केली की दोघंही खराब. मेन बेअरिंगच्या तीन टोप्या आणि कनेक्टिंगच्या चार टोप्या यांवर नंबर नसतील तर सेंटर पंचने ठिपके मारा, कुठली बाजू पुढे होती तेही खुणा करून ठेवा. या कनेक्टिंगचा खालचा डोळा तिरका कापलेला असतो, त्यामुळे पिस्टन कनेक्टिंगसकट वरून निघतो, पण रॉड उलटा बसवायची चूकही त्यामुळेच घडते. गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) वरच्या डोळ्यात बोल्टने आवळलेली असेल तर तो बोल्ट सोडताना किंवा कसताना रॉड व्हाइसमध्ये धरू नका. पिनलाच धरून ठेवायचं, नाहीतर रॉडला पीळ बसतो आणि नवा पिस्टन एका अंगाने घासत राहतो. मोबाइलवर फोटो काढाच, पण वहीही ठेवा. तेलकट बोटांनी फोटो शोधण्यापेक्षा वही बरी.

आता पुराच्या गाळाकडे येतो. इथे मी स्वतः आपटलोय. 2005 च्या पुरानंतर एका ओळखीच्यांची जीप मी केली. बोअर नवे, क्रँक घासलेला, बेअरिंग नवी, ब्लॉक बाहेरून-आतून धुतलेला. ऑइल गॅलरीच्या, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांच्या, टोकांचे प्लग मात्र काढले नाहीत. हवा मारली, दुसऱ्या बाजूने हवा आली, म्हटलं साफ आहे. 300 किलोमीटरच्या आत ऑइलचा काटा खाली आला. उघडून बघतो तर नव्या बेअरिंगवर नांगरल्यासारख्या रेषा. कृष्णेचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो. तो गॅलरीच्या बंद टोकाला थापून बसतो, हवेने निघत नाही, आणि गरम ऑइल फिरायला लागलं की सुटून थेट बेअरिंगमध्ये जातो. क्रँक परत घासावा लागला, माझ्या पदरच्या पैशाने.

म्हणून गॅलरीचे सगळे प्लग काढा. लांब दांडीचा बाटली धुण्यासारखा ब्रश घ्या, गरम पाणी आणि कपड्याची पावडर, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत घासा. नंतर पांढऱ्या कापडाची चिंधी तारेला बांधून आरपार ओढा. चिंधी पांढरी राहिली तरच पुढे. क्रँकमधली तिरकी भोकं, रॉकर शाफ्टचं पोकळ अंग, ऑइल पंपाची जाळी हे सगळं तसंच. ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे कोअर प्लग (पाण्याच्या वाटेची झाकणं) काढून टाका. मागच्या सिलिंडरभोवती चिखलाचा आणि गंजाचा थर सापडेलच. तो तिथे राहिला तर चौथा सिलिंडर तापत राहतो आणि लोक रेडिएटरला दोष देत बसतात. धुऊन झालं की त्याच तासाला बोअरला आणि सगळ्या घासलेल्या पृष्ठभागांना ऑइल लावा. ही कामं दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात आपल्याकडे उघडा बोअर एका रात्रीत तांबूस होतो.

कॉस्टिकच्या हौदात ब्लॉक टाकून आणायची पद्धत आहे. लोखंडाला चालते. पिस्टन, कार्बोरेटर, अ‍ॅल्युमिनियमचं काहीही त्यात गेलं तर ते विरघळतं, आणि कॅमशाफ्टच्या बुशवरचा पांढरा धातूही खराब होतो. बुश बदलणार असाल तरच कॉस्टिक.

आता मोजणी. तुमच्या इंजिनाचा मूळ बोअर 73.025 मिलिमीटर, म्हणजे 2.875 इंच, आणि स्ट्रोक 88.9 मिलिमीटर. बोअर डायल गेज विकत घेऊ नका, एखाद्या टर्नरकडून दोन दिवस मागून आणा आणि सोबत त्यालाही चहाला बोलवा. प्रत्येक सिलिंडरला वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा: एकदा गाडीच्या लांबीच्या रेषेत, एकदा आडवं. चार सिलिंडर, सहा-सहा आकडे, एकूण 24. ते वहीत लिहा. झीज नेहमी वरच्या रिंगेच्या जागी आणि आडव्या दिशेला जास्त असते, कारण पिस्टन तिकडे रेटला जातो. सगळ्यात जास्त झीज सहा-आठ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वर असेल तर बोअर करणं आलंच. त्याहून कमी असेल पण पुराच्या पाण्याने खड्डे पाडले असतील तर नख फिरवून बघा. नख अडकलं की होनिंगने, म्हणजे दगडाने हलकं घासून, भागणार नाही.

पिस्टन 10, 20, 30, 40 थाऊ ओव्हरसाइजमध्ये येत. आज तुम्हाला हवं ते माप मिळेलच असं नाही, म्हणून उलट दिशेने चला: आधी पिस्टन मिळवा, हातात घ्या, मोजा, आणि मगच ब्लॉक मशीनवर चढवा. बोअरिंगवाल्याला ‘30 ने बोअर कर’ असं सांगून पाठवणं म्हणजे शिंप्याला माणूस न दाखवता शर्ट शिवायला सांगणं. चारही पिस्टन त्याच्यासमोर ठेवा, नंबर घाला, आणि पिस्टनच्या डब्यावर लिहिलेली क्लिअरन्स त्या-त्या पिस्टनप्रमाणे द्यायला सांगा. आधीच 40 झालेला ब्लॉक असेल किंवा खड्डे खोल असतील तर लायनर (सिलिंडरच्या नव्या भिंतीची नळी) ठोकून परत मूळ मापावर आणता येतो. हे काम सांगलीत होतं. मनासारखं वाटलं नाही तर कोल्हापूरचं उद्यमनगर काय लांब नाही. कुठेही द्या, पण तुमची वही सोबत न्या. वही बघितली की मशीनवरचा माणूस सरळ होतो. मी स्वतः त्या जागेवर उभा राहिलोय म्हणून सांगतो.

क्रँकचं मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) सुमारे 2 इंच आणि बिग एंडचं (जिथे कनेक्टिंग बसतो ते) सुमारे 1.876 इंच असतं. प्रत्येक जर्नल दोन दिशांनी मोजा. गोल राहिलं नसेल किंवा गंजाचे डाग खोल असतील तर सगळेच घासून पुढच्या मापाची बेअरिंग. घासताना जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राहिली पाहिजे. कोपरा धारदार झाला तर क्रँक तिथूनच तडकतो. परत आल्यावर भोकांतली घासणीची पूड पुन्हा धुवा, मशीनवाल्याने धुतलं म्हणाला तरी. थ्रस्ट वॉशर मधल्या मेनला बसतात, त्यांच्या ऑइलच्या खाचा क्रँकच्या बाजूला. क्रँकचं पुढे-मागे खेळणं दोन-तीन थाऊ.

हेडच्या बाबतीत शिशाचा मुद्दा येतो. हे इंजिन शिसेमिश्रित पेट्रोलच्या काळातलं. ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला गादीसारखं जपायचं. 2000 सालच्या फेब्रुवारीपासून देशभर ते बंद झालं. तेव्हापासून या मऊ लोखंडी सीट खचत जातात आणि टॅपेटची फट आपोआप कमी होते. हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. हेडचा तळ सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासा, दोन-तीन थाऊच्या पुढे वाकलं असेल तर घासा, आणि दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागेत तडे आहेत का ते भिंगाने बघा. व्हॉल्व्हच्या दांडीवर कॉटरच्या (स्प्रिंग अडकवणाऱ्या पाचरीच्या) खाली एक बारीक रबरी रिंग असते. ती विसरली की नवं इंजिन पहिल्या दिवशी निळा धूर टाकतं आणि सगळे पिस्टनवर संशय घेतात.

नवं पेट्रोलही वेगळं आहे. 20 टक्के इथेनॉल, त्यात आपल्या उसाचंही आलं. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचं पॅकिंग त्याने फुगतं आणि चिरतं. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या आणि पडदा घाला. गाडी महिनोन्महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत पेट्रोल कमीत कमी ठेवा, ते पाणी ओढतं. टाकी पुरात होती, ती उतरवून साफ केल्याशिवाय एक थेंबही कार्बोरेटरपर्यंत जाऊ देऊ नका.

जोडणी सावकाश करा, एका दिवशी एकच टप्पा. प्रत्येक बेअरिंगला प्लास्टिगेज (दाबून फट मोजायचा मऊ धागा) लावून फट बघा. मेनचे बोल्ट 70 फूट-पौंड, कनेक्टिंगचे 35, हेडचे 40. टॉर्क पाना उधारीवर का होईना पण खरा आणा. अंदाजाने आवळलेल्या नटांमुळेच पुढे माझ्यासारख्यांची पोटं भरली. नव्या रिंगा आधी बोअरमध्ये सरकवून पिस्टनने ढकलून सरळ बसवून तोंडातली फट मोजा, आठ ते तेरा थाऊ. टायमिंगच्या दोन्ही चक्रांवरचे ठिपके समोरासमोर. टॅपेटची फट थंड इंजिनवर पंधरा थाऊ, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचीही पंधरा, प्लगची पंचवीस, फायरिंगचा क्रम 1-3-4-2. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, कंडेन्सर पुरात गेलेले. कंडेन्सर आणि कॉइल नवीच घ्या, त्यावर जास्त विचार करायचं कारण नाही.

मागच्या बाजूने ऑइलचा थेंब पडणारच, हे आत्ताच मान्य करा. या क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही. तिथे उलट्या आट्यासारखी खाच आहे, ती फिरताना ऑइल आत ढकलते. इंजिन थांबलं की ती काम करत नाही. पण रिंगा ढिल्या असल्या तर क्रँकच्या चेंबरमध्ये दाब साठतो आणि थेंबाची धार होते. बोअर मापात आणि ब्रीदर (चेंबरची हवा सोडणारी नळी) मोकळा असला तर पुठ्ठ्याचा एक तुकडा खाली टाकून भागतं.

आता तुमची हौस: दिसणं. जोडणीच्या आधी की नंतर असं बरेच जण विचारतात. ब्लॉकला रंग मशीनवरून आल्यावर, धुऊन, जोडायच्या आधी. बोअर, बेअरिंगच्या जागा, पॅकिंग बसणारे सगळे पृष्ठभाग टेपने झाका. मूळ रंग हवा असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या बुडाखाली किंवा जुन्या पॅकिंगच्या कडेला खरवडून बघा, तिथे कंपनीचा थर अजून असतो. रंगाच्या दुकानात तो तुकडा दाखवा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला साधा रंग लावला तर पहिल्याच दिवशी जळून वास येतो. त्याला उष्णतेचा रंग, नाहीतर नुसता ब्रश मारून तसाच.

पत्र्याच्या गंजलेल्या भागांसाठी आपल्या भागात एक चांगली सोय आहे: मळी, म्हणजे मोलॅसिस. साखर कारखान्याची मळी पशुखाद्यवाल्याकडे विचारा. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात भाग बुडवून दहा-पंधरा दिवस. गंज मऊ होऊन निघतो आणि खालचं लोखंड शाबूत राहतं. वास मात्र असा की शेजारी बोलायचे बंद होतील, पिंप परसात ठेवा. टॅपेट चेंबरची कव्हरं, ब्रॅकेट, फॅनची पाती, एअर क्लीनरचा डबा यांना छान. कार्बोरेटर, अ‍ॅल्युमिनियम, क्रँकसारखे मापाचे भाग त्यात टाकू नका.

टॅपेट चेंबरची दोन कव्हरं मॅनिफोल्डच्या खाली असतात आणि अ‍ॅम्बेसिडरच्या बाजूने जे ऑइल ओघळतं ते बहुतेक वेळा तिथूनच. मागच्या पिढ्यांनी बोल्ट आवळून-आवळून पत्रा आत दाबलेला असतो. सपाट ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीने सरळ करा, नवं कॉर्कचं पॅकिंग, आणि बोल्ट बोटाने घट्ट करून पान्याने जेमतेम अर्धा फेरा. हे मॅनिफोल्ड बसवायच्या आधी उरका, नंतर तिथे हात जात नाही.

पहिल्या स्टार्टच्या दिवशी पाहुणे बोलवू नका. ऑइल पंप जोडतानाच ऑइलने भरून ठेवलेला असू दे, कोरडा पंप या इंजिनात ऑइल उचलत नाही. 20W-50 खनिज ऑइल घाला. प्लग काढून सेल्फने फिरवा, काटा उठेपर्यंत. काटा उठला नाही तर प्लग लावायचेच नाहीत. सुरू झालं की आयडलला गुरगुरत ठेवू नका, दीड-दोन हजार फेऱ्यांवर वीसेक मिनिटं, आणि पाण्याच्या काट्याकडे, खालच्या पुठ्ठ्याकडे नजर. पूर्ण थंड झाल्यावर हेड परत कसा, टॅपेट परत बघा. त्याआधी ब्रेक: चाकांचे सिलिंडर आणि मास्टर पुराच्या पाण्यात होते, ते केल्याशिवाय गाडी बोळाच्या बाहेर काढायची नाही.

मग तासगावच्या गणपतीला नेऊन आणा, 25 किलोमीटर, वेग कमी-जास्त करत, एकाच वेगाने नाही; रिंगा बसायला भार आणि मोकळीक दोन्ही लागतं. 500 किलोमीटरला ऑइल काढा आणि ते पांढऱ्या थाळीत उन्हात बघा. बारीक करडी चकाकी थोडी असणारच. तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर गाडी थांबवा.

पण हे सगळं पुढचं. येत्या रविवारी फक्त प्लग काढा आणि डिझेल-एटीएफ ओता. हललं की हेड काढा, मोजा, आणि ते 24 आकडे मला कळवा. पिस्टनचं त्यानंतर बोलू.